माळ की मीटिंग?

दारू सुटावी म्हणून आपल्याकडे गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या एक उपाय चालत आला आहे: तुळशीची माळ. दुसरा उपाय त्या मानानं नवा. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी महापालिकेच्या एखाद्या शाळेत, इस्पितळाच्या खोलीत किंवा चर्चच्या हॉलमध्ये पिणं सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक एकत्र बसतात. त्याला ‘मीटिंग’ म्हणतात. पहिल्या उपायावर विश्वास असणारा माणूस दुसऱ्याकडे संशयानं बघतो, आणि दुसऱ्या वाटेनं गेलेल्याला पहिली अपुरी वाटते.

पुढचा संवाद कल्पित आहे, वाद मात्र खरा आहे. मामा सातारा जिल्ह्यातले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वतः माळ घालून सुटलेले. भाचा पुण्यात नोकरीला आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा सभासद. मामांचा मुलगा बाळू नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आहे.

मामा : महिनाभर केंद्रात राहून आला. अंगावर मांस चढलंय, दोन वेळा जेवतो, रात्री झोपतो. आता येत्या एकादशीला आळंदीला नेतो आणि गळ्यात माळ घालतो. विषय संपला.

भाचा : माळ घालायला माझी ना नाही, मामा. फक्त विषय संपला म्हणू नका. केंद्राला गेट होतं आणि गेटच्या आत दारू नव्हती. इथं घरातून बाहेर पडला की स्टँडपर्यंत दोन बार लागतात. पगार झाला की मित्र हाक मारणारच. माळेसोबत त्याला मीटिंगला लावा.

मामा : चार बेवडे एकत्र बसवून एकमेकांची लफडी ऐकायची, त्यानं दारू सुटते? आणि घरातलं असं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

भाचा : मूठ झाकलेली राहिलीय कुठं? पोळ्याला तो पारावर पडला होता, तेव्हा अख्ख्या आळीनं पाहिलं. तो पितो हे गावाला माहीत आहे. पण पिण्याआधी अर्धा तास त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही.

मामा : मग बायकोला सांगावं. परक्याला सांगून काय मिळणार?

भाचा : बायकोला सांगितलं की ती रडते. तुम्हाला सांगितलं की तुम्ही कीर्तन लावता. मीटिंगमध्ये समोर बसलेल्यानं तेच सगळं केलेलं असतं. ‘मी फक्त बिअर घेतो’, ‘सोडायची तर आज सोडीन, पण एवढी लग्नसराई जाऊ दे’, ही वाक्यं त्यानं स्वतः घरी खपवलेली असतात. तिथं थाप चालत नाही, आणि थाप मारल्याबद्दल कोणी झापतही नाही.

मामा : एकदा नीट सांग बघू, तिथं करतात तरी काय?

भाचा : तास-दीड तासाचा मामला असतो. त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो चेअर करतो, म्हणजे बैठक चालवतो. सुरुवातीला प्रार्थना, थोडं वाचन. मग एकेक जण उठतो, ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपलं सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, उलटतपासणी नाही, ‘तू असं कर’ म्हणून सल्ला नाही. नव्या माणसाला बोलायचं नसलं तर नुसतं ऐकायचं. चहा होतो. एक पिशवी फिरते. कोणी दहा टाकतो, कोणी पन्नास. खिशात काही नसलं तरी माणूस पिशवीत हात घालतो आणि पुढं देतो. कोणी वाकून बघत नाही.

मामा : त्या पिशवीवर एवढा डोलारा चालतो? मागं कोणीतरी धनी असणार.

भाचा : तसा नियमच आहे. बाहेरची देणगी घ्यायची नाही, सभासदांच्या पैशातच खोलीचं भाडं आणि चहा भागवायचा. वर्गणी नाही, फॉर्म नाही. सभासद व्हायला एकच अट: पिणं थांबवायची इच्छा.

मामा : आपल्या तालुक्यातलं कोण कोण येतं रे तिथं? तो आपला…

भाचा : नाव घेऊ नका, मामा. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तिथं कोण दिसलं ते बाहेर सांगायचं नाही. मी तुम्हाला एक नाव सांगितलं, तर उद्या बाळूचंही कोणीतरी सांगेल.

मामा : बरं, राहिलं. पण या लोकांना मिळतं काय? बाळू सुटला किंवा नाही सुटला, त्यांचं काय जातं?

भाचा : त्याचं उत्तर ही संघटना जिथं सुरू झाली तिथंच आहे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरदलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. त्याची दारू सुटून काही महिने झाले होते. सौदा फिसकटला. परकं गाव, हॉटेलची लॉबी, शेजारीच बार, त्यातून गप्पा-हसण्याचे आवाज. बारमध्ये जाण्याऐवजी तो टेलिफोनकडे वळला आणि तिथं लावलेल्या चर्चच्या यादीतून फोन करत सुटला. मागणं एकच: गावातला एखादा दारुड्या गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. शेवटी बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टर असूनही त्याची दारू सुटत नव्हती. दोघं तासन्‌तास बोलत बसले. त्यानंतर बॉब एकदा प्याला, आणि १० जून १९३५ ला त्यानं शेवटचा घोट घेतला. तोच दिवस एएचा स्थापनादिवस मानतात. बिलला बॉबचं भलं करायचं होतं हे खरं, पण त्या संध्याकाळी तो स्वतःला वाचवत होता. बाळूशी बोलताना माझंही तेच चाललेलं असतं.

मामा : चर्चच्या यादीतनं सुरू झालं म्हणतोस, आणि बैठका पण चर्चच्या हॉलमध्ये! उद्या पोरगं बाटलं तर?

भाचा : हॉलचं भाडं देतो आम्ही. चर्चचा हॉल मिळतो कारण तो संध्याकाळी रिकामा असतो आणि पाद्री लोक नाही म्हणत नाहीत. शाळेच्या वर्गातही मीटिंगा होतातच, म्हणून कोणी परत चौथीत जाऊन बसत नाही.

मामा : पण देवाचं नाव घेतात ना?

भाचा : घेतात. त्यांच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे दारूपुढं आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. पुढच्यांत देव येतो, पण ‘ज्याला जसा समजेल तसा’. तुमचा विठोबा तिथं आरामात बसतो. अडचण होते ती देव न मानणाऱ्याची, आणि तीही लपवण्यात अर्थ नाही. आमच्यात असे लोक आहेत. कोणी म्हणतो, माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे हा ग्रुप. कोणी प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहतो. कोणाला पटतच नाही आणि तो सोडून जातो. परदेशात अशांसाठी देवाचा आधार न घेणारे गटही निघालेत.

मामा : मग माझी माळ काय वाईट? मी सुटलो की नाही? एकदा गळ्यात घातली आणि पुन्हा बाटलीला शिवलो नाही. मांस सुटलं, दारू सुटली.

भाचा : वाईट कोण म्हणतंय? पण नुसत्या तुळशीच्या मण्यांनी सुटली का? माळ घातल्यावर रोज संध्याकाळी कुठं जायचात?

मामा : हरिपाठाला. देवळात.

भाचा : सात वाजता. गुत्त्यावर जायची वेळ तीच होती. शेजारी कोण बसायचं?

मामा : आपलेच माळकरी. दिंडीतले.

भाचा : आणि एखाद्या दिवशी गेला नाहीत तर?

मामा : लगेच कोणीतरी घरी यायचं, तब्येत बरी नाही का म्हणून विचारायला.

भाचा : म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा, त्याच वाटेवरची माणसं आणि तुमची वाट बघणारं कोणीतरी. तुम्ही मीटिंगलाच जात होता, मामा.

मामा : शब्दात पकडू नको. माळेला धाक असतो. लोक काय म्हणतील, पांडुरंग काय म्हणेल. तुमच्याकडं कसला आलाय धाक?

भाचा : धाकाचीच मला भीती वाटते. ज्यानं एकदा माळ घातली आणि ज्याची दारू सुटली, त्याला धाक पुरतो. पण माळ घालून पुन्हा प्यालेली माणसं गावात नाहीत?

मामा : आहेत की. माळ काढून खुंटीला लावली आणि गेले.

भाचा : मग ते हरिपाठाला परत आले?

मामा : कुठल्या तोंडानं येणार?

भाचा : तेच म्हणतोय मी. ज्या दिवशी माणसाला त्या चार लोकांची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी त्याचं दार बंद. आमच्याकडं त्याला स्लिप म्हणतात. स्लिप झालेला दुसऱ्या दिवशी येतो, मान खाली घालून मागच्या खुर्चीवर बसतो. चहा आणून देतात, ‘बरं झालं आलास’ म्हणतात. तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. पिऊन आला तरी बहुतेक ठिकाणी हाकलत नाहीत. फक्त आज बोलू नको, ऐक, असं सांगतात.

मामा : असं लाडावलं तर माणूस रोज पिऊन येईल.

भाचा : भीती बरोबर आहे तुमची, काही जण तसं करतातही. पण आकडे बघा. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर माणसांचे. ज्यांना पद्धतशीरपणे एएच्या वाटेला लावलं होतं, त्यांच्यातले शंभरातले ४२ जण वर्षानंतर अजिबात पीत नव्हते. मानसोपचारासारखे दुसरे उपाय घेतलेल्यांत हाच आकडा ३५ होता.

मामा : म्हणजे शंभरातले ५८ पितातच की! आणि वर तू मला माळेच्या चुका दाखवतोस.

भाचा : त्या ५८ जणांसाठीच सांगतोय. एवढं करूनही निम्म्याहून जास्त लोक वर्षात कधी ना कधी पितात. मग प्याल्यानंतर परत येता येतं का, हाच प्रश्न उरतो. बाळूसाठी जागा शोधताना मी हीच पहिली कसोटी लावीन, मग ते देऊळ असो, केंद्र असो की एए.

मामा : जागा मिळेपर्यंत माझ्याकडं एक उपाय आहे. पेपरात जाहिरात होती, ‘न सांगता दारू सोडवा’. पुडी मागवलीय. आमटीत कालवायची, चव लागत नाही.

भाचा : ती पुडी आधी फेकून द्या. तिच्यात काय आहे, तुम्हाला माहीत नाही. दारूसोबत त्रास होईल असं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते डॉक्टर तपासून, पिणाऱ्याला सांगून, त्याची संमती घेऊन देतात. त्याला न सांगता घातलं आणि त्यानं बाहेर क्वार्टर मारली, तर उलट्या होतील, रक्तदाब पडेल, जीवही जाऊ शकतो. आणि अन्नात काही घालता हे एकदा त्याला कळलं, की तुमच्या हातचं पाणीही प्यायचा नाही.

मामा : मग डॉक्टरच बरा. तुझी मीटिंग कशाला?

भाचा : दोन्ही लागतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर हात कापतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, नाही ते दिसायला लागतं. त्यातून माणूस दगावतो. ते मीटिंगचं काम नाही, दवाखान्याचं आहे. दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत. गोव्यात संगात संस्थेनं साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सरकारी आरोग्य केंद्रात चार गोष्टी बोलून-समजावून उपचार केले, त्याचा चांगला उपयोग झाला. ते २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. तेव्हा एएशिवाय वाटच नाही, असं कोणी म्हणालं तर मीही मानणार नाही. पण एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ ला आला. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळालेले होते. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा भेटणार. रोज संध्याकाळी सात वाजता कोण भेटणार?

मामा : बरं, समज मी तयार झालो. पत्ता कुठनं आणायचा? गावात काय बोर्ड लागलाय?

भाचा : बोर्ड नसतोच फारसा. एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या वेबसाइटवर शहरानुसार मीटिंगांची यादी आणि हेल्पलाइनचे नंबर असतात. तिथं फोन उचलतो तोही सुटलेलाच माणूस असतो. ते जमलं नाही तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारायचं. बाळू ज्या केंद्रात होता, तिथल्या समुपदेशकालाही विचारायचं. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचे पाठपुराव्याचे गट वेगळे असतात. डॉ. अनिता अवचटांनी आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून उपचारानंतरचा हा धागा तिथं महत्त्वाचा मानतात.

मामा : आणि यादीत जे नाव दिसेल तिथं जायचं?

भाचा : जायच्या आधी फोन करायचा. यादीतली जागा बदललेली असते, शाळेला सुट्टी असते, वार बदललेला असतो. धीर गोळा करून गेलेल्या माणसाला कुलूप दिसलं, की तो तसाच बारकडं वळतो. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ तेही विचारायचं. ओपनला घरचे, मित्र, कोणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी. भाषा विचारायची. शहरात इंग्रजी, हिंदी, मराठी असे वेगवेगळे ग्रुप असतात, आणि बाळू इंग्रजी मीटिंगला गेला तर तासभर पंख्याकडं बघत बसेल. बाईमाणूस असेल तर बायकांची वेगळी मीटिंग कुठं आहे, हे आधी विचारावं. शेवटचं आणि महत्त्वाचं म्हणजे वेळ. ज्या वेळेला तो प्यायचा, त्याच वेळेची मीटिंग शोधायची.

मामा : आपल्याकडं शेवटची एसटी साडेसातला. मीटिंगहून यायचा कसा?

भाचा : ही खरी अडचण आहे. रविवारी दुपारची मीटिंग बघू, जाऊन-येऊन जमेल. बाकीचे दिवस मोबाइलवर. २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन मीटिंगा रुळल्या आहेत. चेहरा न दाखवताही बसता येतं. पण नुसत्या मोबाइलवर ठेवू नका. चहा हातात देणारा माणूस स्क्रीनमधून येत नाही. आणि पहिल्याच मीटिंगवर निकाल देऊ नका. एखाद्या ग्रुपमध्ये एकच म्हातारा अर्धा तास बोलतो, एखाद्या ठिकाणी सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि नवा माणूस कोपऱ्यात राहतो. दोन-चार ठिकाणी बसून बघायचं. जिथं त्याला कोणी ‘उद्या फोन कर’ म्हणालं आणि त्यानं खरंच केला, तो त्याचा ग्रुप.

मामा : ठीक आहे. नंबर दे. मी आत्ताच लावतो आणि रविवारी त्याला गाडीवर मागं बसवून नेतो.

भाचा : नंबर बाळूला देणार, तुम्हाला नाही.

मामा : तो लावेल असं वाटतं तुला? त्याच्या भरवशावर सोडलं तर झालंच.

भाचा : इतकी वर्षं त्याचं सगळं तुम्हीच केलंत. कारखान्यात खाडे झाले की साहेबाला फोन तुम्ही केलात. गुत्त्यावरची उधारी तुम्ही भागवलीत. आता त्याची मीटिंगही तुम्हीच शोधून दिली, तर तो तुमच्यासाठी जाऊन बसेल आणि तुमच्यावर रुसला की उठेल. एखादा जुना सभासद त्याच्याशी बोलायला पाठवता येईल, पण फोन त्यानंच करायचा.

मामा : आणि मी हात बांधून बसू? बाप आहे मी त्याचा.

भाचा : तुम्हाला वेगळं काम आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट असतात. बिल विल्सनच्या बायकोनं, लोईसनं १९५१ मध्ये ते सुरू केले. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. सूनबाईला त्यातल्या कशाला तरी पाठवा. मामीला पाठवा. तुम्हीही जा.

मामा : मला काय धाड भरलीय? मी तर पीत नाही.

भाचा : पीत नाही, पण रात्री तो येईपर्यंत तुम्ही जागे असता. आल्यावर तोंडाचा वास घेता. मामी पगाराच्या दिवशी उपास धरते. बाळू उद्यापासून सुटला, तरी या घराला वास घेण्याची सवय सुटायला वेळ लागेल. ती सवय कशी सोडायची, ते तिथं बोलतात.

मामा : सूनबाईला पाठवतो. माझं बघू. पण एक अट. मीटिंगला गेला तरी संध्याकाळी गावात असेल त्या दिवशी हरिपाठाला बसला पाहिजे. आणि माळ घालायची की नाही, ते मी ठरवणार.

भाचा : माळेचंही त्यालाच ठरवू द्या. हरिपाठाला मात्र जरूर बसू दे, मला चालेल. पण एखाद्या रात्री तो प्यालाच, तर दुसऱ्या संध्याकाळी त्याला देवळात घ्याल का?

मामा : पिऊन आला तर नाही. पायरी चढू देणार नाही.

भाचा : दुसऱ्या दिवशी म्हणतोय. शुद्धीवर, अंघोळ करून आला तर?

मामा : … आला तर बसेल माझ्या शेजारी.

भाचा : मग तेवढं बाकीच्या माळकऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी कोणीतरी त्याच्या गळ्याकडं बघेल, आणि तो उठून जाईल.